स्वस्त बॅगेकडून काय मागावं?

इतिहास म्हटला की गड, तलवारी आणि तह आठवतात. माणसं घराबाहेर पडली तेव्हा त्यांच्या हातात काय होतं, याची नोंद मात्र फारशी कुणी ठेवत नाही. खरं तर आपल्याकडच्या साध्या माणसाचा गेल्या शंभरेक वर्षांचा प्रवास समजून घ्यायचा असेल, तर त्याच्या सामानाकडे बघावं. गाठोडं, वळकटी, पत्र्याची पेटी, सुटकेस आणि आताची चाकांची बॅग एवढ्यात तो सांगून होतो. आज त्याच वाटेनं मला एका रोजच्या प्रश्नापर्यंत जायचं आहे. बाजारात हजार-बाराशेला बॅग मिळते. तिच्याकडून कसल्या दर्जाची अपेक्षा धरावी? ‘स्वस्तात घेतली, आता काय बोलायचं’ असं म्हणून गप्प बसावं, की काही मागण्याचा हक्क आपल्याला आहे?

मी कविता लिहिणारा माणूस, म्हणून सुरुवात शब्दांपासून करतो. ‘सामान’ फारसीतून आलं, ‘संदूक’ आणि ‘किंमत’ अरबीतून, ‘ट्रंक’ इंग्रजीतून. ‘दर्जा’ हा शब्दही अरबी आणि त्याचा मूळ अर्थ आहे पायरी. जिन्याची पायरी. वरच्या पायरीवर संगमरवर असेल, खालची साध्या दगडाची असेल. पण खालची पायरीही पायरीच असते. तिच्यावर पाय ठेवला तर तिनं तो पेलला पाहिजे. पाय ठेवताच जी ढासळते तिला खालच्या दर्जाची पायरी म्हणत नाहीत. ती पायरीच नव्हे.

आता पत्र्याच्या पेटीकडे बघू. कोकणातून, घाटावरून मुंबईच्या गिरणगावात आलेल्या कामगारासाठी ती नुसती प्रवासाची वस्तू नव्हती. चाळीतल्या एका खोलीत अनेक जण राहायचे. पाळीनुसार झोपायचे, खानावळीत जेवायचे. त्यात ‘माझं’ म्हणावं असं काही असेल, तर ती पेटी. कपडे, पत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या, देवाची तसबीर किंवा कुराणाची प्रत, सगळं त्यातच. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि पुढं अनेक जण कायमचे गावी परतले, तेव्हाही ती पेटी त्यांच्याबरोबर परतली.

ही पेटी स्वस्त होती आणि तिचा दर्जा गिऱ्हाइकाला उघड दिसायचा. माणूस दुकानात शिरला की विचारायचा, ‘पत्रा किती गेजचा?’ गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ, हे अंगठा उठवणाऱ्यालाही ठाऊक असे. तो पेटीवर टिचकी मारायचा, झाकण दोनदा आपटून बघायचा, कडी-कोयंडा ओढायचा, कोपऱ्यावरची पट्टी चाचपायचा आणि रिबिटा मोजायचा. झाकलेलं असं काही नव्हतंच. एसटीच्या टपावरून उतरवताना हमालाच्या हातून पेटी सुटली तर पोचा यायचा. तो आतून लाकडी ठोकळा लावून ठोकून काढता यायचा. कडी निघाली तर गावातला लोहार नवी बसवायचा. म्हणजे स्वस्त वस्तूकडून तेव्हाच्या गिऱ्हाइकाला तीन गोष्टी मिळत होत्या. वस्तू घेण्याआधी पारखता येई, ठरलेलं ओझं ती पेलत असे आणि मोडली तर दुरुस्त होई. दिसायला ती ओबडधोबड होती, जड होती, कडेनं बोट कापायची. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मुंबईहून हजला जाणाऱ्या जहाजांवरही असल्याच पेट्या चढत. समुद्रमार्गे हजची वाहतूक १९९५ पर्यंत चालू होती. जाणारे लोक अंथरूण-पांघरूण, धान्य, भांडी असा अख्खा संसार घेऊन निघत. माझी दादी अशाच एका पेटीसह जाऊन आली. परतल्यावर त्या पेटीत पुढं कित्येक वर्षं तांदूळ ठेवला जायचा. पेटीचा हिरवा रंग उडाला, पण तळ कधी गंजून फुटला नाही.

पेटीची जोडीदारीण म्हणजे वळकटी. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गात लाकडी बाकं असत. अंथरूण आपलं आपण न्यायचं, म्हणून वळकटी किंवा जरा बरं जमत असेल तर कॅनव्हासचा होल्डॉल. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला. मग १९७७ ते १९७९ या काळात राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री होते. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला सुरुवात केली. वळकटीची गरज त्या दोन इंचांनी कमी केली. पण त्याहून मोठी गोष्ट मला त्यात दिसते. सर्वांत कमी भाड्यातही पाठ टेकवण्यापुरता मऊपणा मिळालाच पाहिजे, हे त्या निर्णयानं मान्य केलं. स्वस्त म्हणजे त्रासदायक असलंच पाहिजे असं नाही, हा विचार आपल्याकडं आला तो असा रेल्वेतून.

याच सुमारास सुटकेस सामान्य घरात शिरली. व्हीआयपी हे नाव १९७१ मध्ये बाजारात आलं आणि साच्यातून काढलेली प्लॅस्टिकची कडक सुटकेस मध्यमवर्गाच्या माळ्यावर, मग लग्नाच्या रुखवतात जाऊन बसली. नाशिक हे या धंद्याचं एक मोठं केंद्र झालं. पुढं परदेशी कंपनीचा कारखानाही तिथं आला. ज्यांना ती सुटकेस परवडत नव्हती, त्यांच्यासाठी दुसरी होती. आत पुठ्ठा, वरून रेक्झिन, कडेला पायपिन, पुढं दोन चकचकीत कुलपं. दुकानात ती अगदी थेट महागड्या सुटकेसची धाकटी बहीण वाटायची.

माझ्या मते आपल्या सामानाच्या इतिहासातलं खरं वळण इथं आहे. पत्रा दिसत होता. रेक्झिनखालचा पुठ्ठा दिसत नव्हता. टिचकी मारून त्याची जाडी कळत नव्हती. पावसाळ्यात एसटीच्या टपावर भिजल्यावर तो फुगायचा आणि मगच कळायचं की आपण काय विकत घेतलं. फाळणीनंतर निर्वासित सिंधी बांधवांनी वसवलेल्या उल्हासनगरनं मोठ्या कष्टानं किती धंदे उभे केले, पण ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोदही त्याच काळात घरोघरी पोचला. लोक हसत होते, कारण वर लिहिलेलं आणि आत असलेलं यांचा मेळ राहिलेला नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. पण हसता हसता आपण एक गोष्ट गमावली. ‘स्वस्त आहे, असंच असणार’ हे आपण मान्य करून टाकलं.

स्वस्त बॅगेवर किती काही अवलंबून असतं, हे कोकणाइतकं फार कमी मुलखांना कळलं असेल. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली आणि रत्नागिरी-रायगडच्या गावांतून पोरं तिकडं जाऊ लागली. जाताना रेक्झिनची बॅग, येताना दोरीनं करकचून बांधलेले खोके आणि त्यावर जाड अक्षरांत लिहिलेलं नाव-गाव. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. तिथले आपले लोक मिळेल त्या वाहनानं इराकमार्गे जॉर्डनला पोचले आणि अम्मानहून त्यांना मुंबईला आणण्यात आलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात एअर इंडियाच्या विमानांनी जवळपास पाचशे फेऱ्या करून सुमारे १ लाख ७० हजार माणसं परत आणली.

मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा त्या परतलेल्यांत होते. फ्रिज, टीव्ही, साठवलेले पैसे सगळं तिकडंच राहिलं होतं. हातात होती एक रेक्झिनची बॅग. तिच्यात नोकरीचा करारनामा, पगाराचे कागद, मुलांचे फोटो आणि दोन कपडे. जॉर्डनच्या सरहद्दीवर रांगेत तिची मूठ तुटली, मग शिवण उसवली. चाचांनी लुंगी फाडून ती बांधली आणि तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून आणली. ‘पडली असती तर मी कोण, हे सांगायलाही कागद उरला नसता,’ असं ते म्हणाले होते. बॅगेची मूठ म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. पुढं त्या करारनाम्याच्या आधारानंच त्यांनी नुकसानभरपाईचा अर्ज भरला.

आता चाकांची गोष्ट. माणूस १९६९ मध्ये चंद्रावर पोचला, पण चाकांची सुटकेस बाजारात रुळली ती त्यानंतर. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसानं विमानतळावर जड बॅगा ओढताना ही कल्पना काढली आणि १९७२ मध्ये तिचं पेटंट मिळवलं. त्याच्या सुटकेसला चार चाकं आणि ओढायला पट्टा होता. सुरुवातीला दुकानदारांनी त्याला परत पाठवलं. पुढं १९८७ मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकानं उभी बॅग, दोन चाकं आणि वर सरकणारा लांब दांडा अशी जोडणी केली. आज आपण ओढतो ती बॅग त्याच वंशातली.

हे चाक जन्माला आलं विमानतळाच्या गुळगुळीत फरशीसाठी. आपल्याकडं ते आलं आणि त्याला स्टँडवरची खडी, फलाटावरचे फुटके ब्लॉक, पुलाच्या पायऱ्या आणि गावाकडचा कच्चा रस्ता भेटला. यात एक विचित्र अन्याय आहे. महागडी बॅग घरातून टॅक्सीत, टॅक्सीतून विमानतळाच्या ट्रॉलीवर आणि तिथून हॉटेलच्या लिफ्टमध्ये जाते. स्वस्त बॅग मात्र तीन एसट्या बदलते, दीड किलोमीटर खडीवरून फरफटते, रेल्वेच्या दारात चार माणसांच्या पायाखाली येते आणि तिच्यात कपड्यांबरोबर तांदूळ, लोणच्याची बरणी आणि फणसही असतो. म्हणजे जिला कमी पैशात बनवलं, तिच्यावरच परीक्षेची वेळ जास्त येते. स्वस्त बॅग घेणाऱ्याला कमी दर्जा पुरतो, असं म्हणणाऱ्यानं एकदा हा प्रवास करून बघावा.

बनवणाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. मी धारावीत एका छोट्या बॅग-कारखान्यात काही वेळ बसलो होतो. बिहारमधून आलेले कारागीर नगावर मजुरी घेतात. ‘व्यापारी भाव पाडून मागतो, मग कुठं तरी कापावं लागतं,’ असं तिथल्या कारागिरानं मला सांगितलं. कुठं कापता, असं विचारल्यावर त्यानं लपवलं नाही. अस्तर पातळ घेतो, चेनचा रनर हलका घेतो, कोपऱ्याला दुहेरीऐवजी एकेरी शिलाई मारतो. मग त्यानं एक चांगली बॅग काढून पट्टा जिथं अंगाला जोडलेला असतो ती जागा दाखवली. तिथं शिलाईचा चौकोन होता आणि चौकोनाच्या आत फुली. ‘ही फुली असली की पट्टा सुटत नाही,’ तो म्हणाला. फुलीला लागतो थोडा दोरा आणि मिनिटभर वेळ. बॅगेची मोठी किंमत नावात, रंगात आणि जाहिरातीत जाते. ती फुली तशी फार महाग नाही.

म्हणून स्वस्त बॅगेच्या बाबतीत काय सोडावं आणि काय सोडू नये, याचा हिशेब आपण नीट मांडला पाहिजे. ती थोडी जड असेल, ते सोडा. रंग लवकर विटेल, ओरखडे उठतील, आतले कप्पे कमी असतील, चाकं आवाज करतील, दहा वर्षं टिकणार नाही, हेही सोडा. पण मूठ, पट्टा, चेन, शिवण आणि चाक यांनी बॅगेच्या आकाराला शोभेल एवढं ओझं रोजच्या रीतीनं वापरताना पेललं पाहिजे. चोवीस इंची बॅगेत माणूस वीस किलो भरणार, हे बनवणाऱ्याला माहीत असतं. पहिल्याच प्रवासात चेन फाकली किंवा दांडा वर येऊन अडकला, तर ‘स्वस्त होती’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

पत्र्यावरची टिचकी गेली, पण पारखण्याची रीत आजही आहे. कापडी बॅगेवर ‘६०० डी’ असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनिअर; नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. गेजच्या उलट, इथं आकडा मोठा तर धागा जाड. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. चेन कोपऱ्यावरून चार-पाच वेळा फिरवा. रनर कोपऱ्यात अडखळला तर बॅग भरल्यावर तो हमखास दगा देतो. दांडा पूर्ण वर ओढून डावी-उजवीकडं हलवा. चाकं स्क्रूनं बसवली आहेत की रिबिटानं, ते बघा. स्क्रू असेल तर मोडलेलं चाक सहज बदलता येतं. कडक बॅग असेल तर मधोमध तळहातानं दाबा. एबीएस प्लॅस्टिक ताठ असतं, जोराचा मार बसला तर तडकू शकतं. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिकार्बोनेट वाकून पुन्हा जागेवर येतात. आणि शेवटी दुकानातल्याच दोन-तीन भरलेल्या पिशव्या आत ठेवून बॅग मुठीनं उचलून बघा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

यात कायदा कुठं बसतो? आपल्याकडं वस्तुविक्रीचा कायदा १९३० पासून आहे. त्याच्या सोळाव्या कलमाची सुरुवात गिऱ्हाइकानंच सावध राहावं या जुन्या तत्त्वानं होते, पण लगेच त्याला अपवाद येतात. गिऱ्हाइकानं वस्तू कशासाठी हवी ते सांगितलं असेल आणि तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे. त्या मालाचा धंदा करणाऱ्यानं वर्णन करून विकलेली वस्तू विक्रीयोग्य दर्जाची असली पाहिजे. मात्र गिऱ्हाइकानं वस्तू तपासली असेल, तर तपासताना दिसायला हवा होता अशा दोषाबद्दल नंतर बोलता येत नाही. पत्र्याची पेटी ठोकून बघणाऱ्या माणसाचं शहाणपण आणि पुठ्ठ्यावर रेक्झिन चढवणाऱ्याची जबाबदारी, दोन्ही त्या एका कलमात आहेत. म्हणून दुकानात नुसतं ‘बॅग दाखवा’ म्हणू नका. ‘मुलाला आखातात नोकरीला जायचंय, पंचवीस किलो भरणार आहे, अशी बॅग द्या’ असं म्हणा. त्या वाक्याला कायद्यात वजन आहे.

पुढं गिऱ्हाइकांच्या बाजूनं चळवळ उभी राहिली, त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात दोषाची व्याख्या करताना किंमत कमी की जास्त, हे विचारलेलंच नाही. कायद्यानं किंवा करारानं, मग तो बोललेला असो वा गृहीत, जो दर्जा राखायला हवा होता आणि विक्रेत्यानं जो दर्जा सांगितला होता, त्यात उणीव असली की तो दोष. बिल न देणं ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल, तर तीस दिवसांच्या आत सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. भिंतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावून हे बदलत नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही.

हजार रुपयांच्या बॅगेसाठी एवढी उठाठेव कोण करणार, असं मनात येईल. पण ज्याच्या आठ दिवसांच्या बचतीतून ते हजार येतात, त्याच्यासाठी ही उठाठेव नाही. श्रीमंताची बॅग फुटली तर तो दुसरी घेतो. गरिबाची बॅग फुटते तेव्हा फलाटावर, सगळ्यांसमोर, त्याच्या घरातल्या वस्तू बाहेर पडतात. बायकोनं घडी घालून दिलेली साडी, औषधाच्या पुड्या, पोराची वही. लोक वळून बघतात आणि तो खाली बसून घाईघाईनं त्या गोळा करतो. ही फजिती किमतीत धरलेली नसते.

तेव्हा पुढच्या वेळी बॅग घ्यायला गेलात, तर रंग मागाहून बघा. आधी पट्ट्याच्या जोडाजवळचा तो शिलाईचा चौकोन शोधा, त्यात फुली आहे का ते बघा आणि नसेल तर दुकानदाराला का नाही ते विचारा. दहा जणांनी विचारलं तर तो व्यापाऱ्याला विचारेल आणि व्यापारी कारागिराला तेवढ्या दोऱ्याचे पैसे देईल. आणि निघताना बिल घ्यायला विसरू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)